माझ्या हाताची भवानी

माझ्या हाताला गुण आहे, हा शोध मी निवृत्त झाल्यावर चौथ्या महिन्यात लागला. त्याआधीच्या अठ्ठावन्न वर्षांत ही गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. (माझ्या सासऱ्यांच्या तर मुळीच नाही!)

सदतीस वर्षं मी परळच्या एका गिरणीच्या टाइम ऑफिसात काढली. काम एकच. कामगार आला की त्याचा पितळी बिल्ला बघायचा, हजेरी मांडायची, आणि उशिरा आला असेल तर चष्म्यावरून त्याच्याकडे रोखून बघायचं. या बघण्यात मी इतका तयार झालो होतो की भलेभले साचेवाले माझ्यासमोर शर्टाची बटणं लावायला लागायचे. मग एके दिवशी शाल, नारळ आणि एक छत्री देऊन गिरणीने मला घरी पाठवलं.

घर म्हणजे अंधेरीतल्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मुलगी लग्न होऊन नाशिकला, मुलगा नोकरीला बडोद्याला. उरलो आम्ही दोघं, आणि त्या दोघांतलं एक कायम कामात. मला मात्र सगळी सुखं मोकळी होती. सकाळी दुसरा चहा, तोही बशीत न ओतता. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून 'हरवले आहेत'पर्यंत. दारापुढच्या गॅलरीत आरामखुर्ची, खुर्चीवर ऊन, उन्हात मी. मजा होती हो! फक्त एकच अडचण. एवढं सगळं सुख भोगून घड्याळात बघावं, तर सकाळचे नऊच वाजलेले असायचे!

मग मी स्वयंपाकघरात शिरलो.

तिथला कारभार बघून मला धक्काच बसला. कसली शिस्त नाही! मोहरीचा डबा कुठे, हळद कुठे, साखरेच्या डब्यात रवा आणि रव्याच्या डब्यात वाती. मी एका दुपारी, ही झोपली असताना, सगळे डबे उतरवले आणि गिरणीतल्या बिल्ल्यांसारखे प्रत्येकाला नंबर लावले. हळद एक, तिखट दोन, मोहरी तीन. मीठ सात. यादी दारामागे चिकटवली. ही उठली, यादी वाचली, आणि थेट मालवणीत शिरली. (आमच्या हिचं असं आहे. एरवी अंधेरीची भाषा बोलते, पण राग आला की गावाला जाते आणि तिथून तिला परत आणणं कठीण असतं.)

"मिठाक सात नंबर? हळदीक एक? आणि माका कितवो?"

"तुला कशाला नंबर? तू तर..."

"डोक्याक काय झाला तुमच्या?"

त्यानंतर आठवडाभर आमच्या आमटीत अंदाजाने मीठ पडत होतं आणि अंदाज माझ्याविरुद्ध होता. तरी मी हटलो नाही. भात शिजायला किती मिनिटं लागतात ते मांडायला सुरुवात केली. "काल एकोणीस मिनिटं, आज तेवीस! का?" असं मी विचारलं त्या दिवशी हिने हातातला झारा खाली ठेवला, माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "अहो, उद्यापासून मासे तुम्ही घ्याल का? खाली हिराबाई येते ना, तिच्याकडून. मला जिने उतरायचा कंटाळा आलाय."

आता हिराबाईबद्दल सांगायला हवं. वेसाव्याची कोळीण. सकाळी सातला डोक्यावर पाटी घेऊन आमच्या फाटकाशी यायची. अंगावर भरजरी रुबाब, अंबाड्यात अबोली, आणि आवाज असा की ती खाली "म्हावरंऽऽ" म्हणाली की तिसऱ्या मजल्यावरची मांजरं उठून बसायची. गिऱ्हाईक कलेक्टर असो की शिपाई, ती सगळ्यांना 'अरे-तुरे'च करायची.

मी पहिल्याच दिवशी फाटकाशी गेलो तर मला बघून ती चक्क उभी राहिली.

"ये दादा, ये! आज भवानी तू कर."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. कोळणीच्या दृष्टीने भवानीचं गिऱ्हाईक म्हणजे दिवसाचं नशीब. हात चांगला लागला तर पाटी घटकेत रिकामी, आणि खडूस माणसाने भाव करकरून न घेताच पाठ फिरवली तर म्हावरं संध्याकाळपर्यंत डोक्यावर. मी एक वाटा मांदेली घेतली. गिरणीतल्या रुबाबात हात पुढे केला, पैसे दिले. हिराबाईने ते पैसे पाटीला लावले, कपाळाला लावले, आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी ती साडेसहालाच हजर!

"दादा, काय हात रे तुझा! काल पारशीवाड्यापरयंत पोचलीच नाय, त्याच्या आधी पाटी सपली. नऊला घरी! माझा नवरा म्हनाला, बाय, आजारी हायेस काय?"

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. सदतीस वर्षांत मला बघून कुणाचा चेहरा उजळला नव्हता. मी दिसलो की माणसं पळत सुटायची, कारण भोंगा झालेला असायचा. आणि इथे एक बाई माझी वाट बघत उभी होती!

मग काय, रोज भवानी. आज बांगडे, उद्या बोंबील, परवा करली. मी सकाळी सहाला उठून दाढी करायला लागलो. उजव्या हाताची नखं तर रोज बघायचो. हिराबाईने ही बातमी वेसाव्यात पसरवली, आणि आठ दिवसांत तिच्याबरोबर आणखी दोघीजणी यायला लागल्या. तिघी फाटकाशी बसायच्या, आणि पहिला हात कुणाच्या पाटीला यावरून भांडायच्या.

"कालच्याला तुझी पयली होती!"

"माझ्या पाटीला त्याचा डावा हात लागला, डावा! तो नाय धरायचा!"

मी अर्थातच पाळ्या लावल्या. सोमवारी हिराबाई पहिली, मंगळवारी दुसरी, असा तक्ता करून फाटकाच्या खांबाला चिकटवला. तिघींपैकी कुणालाच वाचता येत नव्हतं, पण तक्ता बघून त्या गप्प बसायच्या. (चष्म्यावरून बघण्याचाही उपयोग झाला.) एवढं करून मी साडेआठला वर यायचो ते तीन पाट्यांचे तीन वाटे घेऊन. माणसं दोन, वाटे तीन! आम्ही सकाळी मासे खात होतो, रात्री मासे खात होतो, आणि मुलीला नाशिकला पाठवायच्या पार्सलात सुके मासे भरत होतो. आमची ही मात्र आश्चर्य वाटावं इतकी शांत होती. डब्यांवरचे नंबर एक एक करून गळून पडले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मग मार्गशीर्ष आला.

मार्गशीर्षातले गुरुवार ही फार कडक करते. घट, पाच झाडांच्या डहाळ्या, पोथी, संध्याकाळी नैवेद्य. त्या दिवशी मासळी घरात सोडाच, तिचं नावही काढायचं नाही. "गुरुवारी तुमचा तो हात घरात ठेवायचा," अशी तिने मला ताकीदच दिली. मी गुरुवारची साप्ताहिक सुट्टी जाहीर केली. हिराबाईनेही कानाला हात लावला. "लक्ष्मीचा वार. नाय येनार." तीन गुरुवार सुरळीत गेले.

चौथा गुरुवार उद्यापनाचा. संध्याकाळी पाच वाजता इमारतीतल्या सात सवाष्णी हळदीकुंकवाला यायच्या होत्या. त्यांत मुख्य म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या पाटणकरवहिनी. शुद्ध शाकाहारी, सोवळ्याच्या, आणि कुठलीही चूक शंभर हातांवरून ओळखणाऱ्या. आमच्या हिला त्या आवडायच्याही आणि त्यांची भीतीही वाटायची. "पाटणकरवहिनी पहिल्यांदाच आपल्याकडे उद्यापनाला येतायत," ती मला सकाळपासून सांगत होती. "आज काही कमी-जास्त झालं ना, तर मी या जिन्यावर तोंड दाखवायची नाही."

मला एकच काम दिलं होतं. प्रत्येक सवाष्णीला पोथीबरोबर द्यायला दोन-दोन चिकूंच्या सात पुड्या बांधायच्या. पुड्या मी अशा बांधल्या की बघत राहावं! सगळ्या एका मापाच्या, एका घडीच्या, वर दोरा. सातही पुड्या कापडी पिशवीत घालून पिशवी गॅलरीतल्या खुंटीला अडकवली. उरलेला वर्तमानपत्राचा कागद आणि दोऱ्याचं रीळ खिशात घातलं.

चार वाजता खालून हाक आली. "दादा... ओ दादा..."

आवाज हिराबाईचा नव्हता. गॅलरीतून वाकून बघितलं तर फाटकाशी एक विशीची पोरगी, डोक्यावर पाटी. मी खाली उतरलो.

"मी चंद्रा. हिराबायची सून. सासूचा पाय बंदरावर घसरला, मुरगळलाय. होडी आज दुपारच्या भरतीला लागली. आता पाटी मलाच उचलायला लागली. पयलाच दिस हाय माझा."

"अगं, पण आज गुरुवार!"

"सासू म्हनाली, दादाच्या हातानं भवानी झाल्याबिगर एक जवला पन इकू नको." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तीन ठिकानी लोकांनी मागितलं. मी दिलं नाय. म्हावरं आता टिकनार नाय, दादा."

आता सांगा, काय करायचं? एकीकडे लक्ष्मीचा वार आणि पाटणकरवहिनी. दुसरीकडे पोरीचा पहिला दिवस, आणि ती तीन गिऱ्हाइकं घालवून माझ्या हातासाठी थांबलेली. मला वाटलं, घेऊन तर टाकू. तळमजल्यावरच्या सावंतबाईंना देऊ. त्या मासे खातात, गुरुवार पाळत नाहीत. घरात न्यायचंच नाही, मग पाप कुठलं?

मी एक वाटा कोलंबी घेतली. कापडी पिशवी वर होती, म्हणून खिशातला कागद काढला आणि कोलंबी बांधली. सवयीने. त्याच मापाची, त्याच घडीची, वर दोरा. (माझ्या हाताला खरा गुण असेल तर तो हा!) चंद्राने पैसे कपाळाला लावले, हसली, आणि पाटी उचलून झपाझप गेली.

सावंतबाईंच्या दाराला कुलूप.

"अहोऽऽ!" वरून हिचा आवाज. "कापूर संपलाय! लवकर वर या, पैसे घ्या आणि पळा!"

मी पुडी घेऊन वर गेलो. ती दारातच उभी होती, एका हातात पैसे, दुसऱ्या हातात निरांजन. माझ्या हातातली पुडी तिला दिसायच्या आत मी ती गॅलरीतल्या पिशवीत टाकली. दोनच मिनिटांसाठी! कापूर आणायचा, येता येता पुडी काढायची, सावंतबाईंकडे द्यायची. माझा बेत अगदी पक्का होता.

वाण्याकडे गर्दी होती. मी कापूर घेऊन आलो तेव्हा खुंटीवर पिशवी नव्हती. आत हळदीकुंकू सुरू झालेलं. खोलीभर उदबत्तीचा धूर, सात सवाष्णी ओळीने बसलेल्या, आणि आमची ही शांतपणे प्रत्येकीच्या ओटीत पोथी आणि पुडी घालत होती. सावंतबाईसुद्धा होत्या, बाजारातून थेट वर आलेल्या. पाटणकरवहिनी मधोमध, पाठ ताठ. मी दारात उभा. हातातला कापूर घामाने ओला व्हायला लागला.

"आत काय येताय? बायका आहेत!" असं म्हणून हिने माझ्या हातातला कापूर घेतला आणि दार लोटून घेतलं.

आरती झाली, प्रसाद झाला, बायका गेल्या. ही पिशवी झटकत बाहेर आली. "अहो, सातच सांगितल्या होत्या ना? एक पुडी उरली."

माझ्या जिवात जीव आला! उरलेली पुडी तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली, मोरीत गेलो, कडी लावली, दोरा सोडला.

दोन चिकू.

मी मोरीतल्या दगडावर बसलो. सरळ हिशेब होता. सात बायका, आठ पुड्या, एक चिकूची उरलेली. म्हणजे कोलंबी कुणाच्या तरी ओटीत गेली होती. लक्ष्मीच्या उद्यापनात, हळदीकुंकवासकट, पोथीच्या वर!

आता एकच उपाय होता. घरोघर जाऊन विचारायचं.

पहिल्यांदा सावंतबाई. "चिकू गोड निघाले का हो?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अजून उघडली नाही पुडी. थांबा, बघते." उघडली. चिकू! "अय्या, छान आहेत की. घ्या ना, एक खा." मला तो खावा लागला.

दुसरं घर. "चिकू गोड निघाले का?" "एक कच्चा लागला हो, भाऊ. बघा तुम्हीच." तो कच्चा चिकू मला खावा लागला. तिसऱ्या घरी आजोबा होते. त्यांनी चिकूवर मला अर्धा तास माहिती दिली आणि दोन्ही चिकू मलाच चारले. चौथ्या घरी बी गिळली. पाचव्या, सहाव्या घरापर्यंत मी इतके चिकू खाल्ले की बोलताना तोंडाला चीक लागत होता. सहाही घरी चिकूच. उरलं तिसऱ्या मजल्यावरचं एकच दार.

जिना मी एकेक पायरी मोजत चढलो. इमारतीत आमच्या हिची पंचवीस वर्षांची अब्रू होती, आणि मी ती वर्तमानपत्रात बांधून वाटली होती.

पाटणकरवहिनींनी दार उघडलं. केस ओले. म्हणजे पुन्हा आंघोळ झालेली.

"चिकू..." मी म्हणालो.

"छान होते," वहिनी म्हणाल्या. "फक्त चिकूला मिशा असतात हे मला ठाऊक नव्हतं."

मी खाली बघितलं.

"पुडी हातात आली आणि कागदातून मिशी बाहेर आली, भावोजी. लाल, लांब मिशी! मी पदरात घट्ट मुठीत धरून बसले. आरती संपेपर्यंत."

"तुम्ही... तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोलू? सुमतीचं उद्यापन होतं. महिनाभर दर गुरुवारी बिचारी निर्जळी उपास करते. तुमच्या एका वाट्यासाठी मी तिचा दिवस घालवू?" मग त्यांनी खिडकीबाहेर, कुंडीमागे ठेवलेली पुडी चिमट्याने उचलून माझ्या हातात दिली. "तिला काही सांगू नका. मीही सांगणार नाही."

या बाईला मी पंचवीस वर्षं नुसता घाबरत होतो. "वहिनी, माझ्या हाताची ती भवानी... ती पोरगी पहिल्यांदाच... माझ्या हाताला गुण आहे म्हणून ती..."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या!

"अहो भावोजी, तुमच्या हातगुणाची थाप तुमच्या बायकोनंच मारलीय. माझ्यासमोर! फाटकाशी उभी राहून हिराबाईला म्हणाली, 'बाय, आमच्या ह्यांच्या हाताला फार गुण आहे, उद्यापासून भवानी त्यांनाच करायला लाव, नि जमेल तेवढा वेळ खाली बसव. नाहीतर हा माणूस मला भातासकट वेड लावेल.' सगळ्या इमारतीला माहीत आहे!"

मी जिना उतरलो. कोलंबी सावंतबाईंना दिली. वाईट वाटलं, लपवत नाही. चार महिने मी उजव्या हाताची नखं कापत होतो ती कशासाठी?

घरी आलो तर ही पाटावर बसून नैवेद्याचं ताट वाढत होती. चेहरा उजळलेला. "आज सगळं कसं छान पार पडलं, नाही? पाटणकरवहिनी तर एक शब्द बोलल्या नाहीत. तृप्त होऊन बसल्या होत्या." मग थांबून म्हणाली, "पुड्या फार सुरेख बांधल्या होत्या तुम्ही."

मी पानावर बसलो. (चिकूने पोट भरलेलं होतं, पण नाही म्हणायची सोय नव्हती.)

शुक्रवारी सकाळी खालून चंद्राची हाक आली. "दादाऽऽ! काल दिवे लागायच्या आत पाटी सपली! सासू म्हनते, आज मी येत नाय, पन दादाचा हात पायजेच!"

मी आरामखुर्चीतून हललो नाही.

"जात का नाही?" हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"मला सगळं कळलंय," मी म्हणालो. "माझ्या हाताला काही गुणबिण नाही."

आत फोडणीत मोहरी तडतडली. मग ही हात पुसत दारात आली, आणि अजिबात न लाजता म्हणाली, "हाताला नाहीच मुळी. तुमच्या पायांना आहे. रोज सात वाजता ते घराबाहेर पडतात ना, की मला दीड तास असं सुख मिळतं म्हणून सांगू! भात सुद्धा वेळेवर होतो. एकोणीस मिनिटांत!"

या गोष्टीला आता सहा-सात वर्षं झाली. हिराबाईचा पाय बरा झाला, चंद्राला दोन मुलं झाली, आणि भवानी अजून माझ्याच हातची चालते. पाट्या खरंच रिकाम्या होतात, म्हणून बिचाऱ्या अजूनही सकाळी मोठ्या भक्तीने माझ्या हाताकडे बघतात. खरं दैवत त्याच्या अडीच फूट खाली, चपलांत उभं असतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.